बिनरंगाची गाडी

१२ जानेवारी, रविवार

आज हेमराजने गाडीवरची चादर काढली. नोव्हेंबरमध्ये माझी बायको दामिनी गेली, तेव्हापासून ती कोणी काढली नव्हती. मी रोज सकाळी शेडमध्ये जाऊन चादरीवरची धूळ झटकायचो, पण खालचं पाहत नव्हतो.

हेमराज म्हणजे दामिनीचा धाकटा भाऊ. हिंगणघाटच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर होता, आता घरीच असतो. गाडी त्या दोघा बहीणभावांची. गोव्यात बनलेली, दोन सीटांची, छत मागे पाडता येणारी. अशा फार थोड्या निघाल्या. नागपूरला एका बंगल्यामागच्या गवतात पडलेली त्यांना सापडली. मग सिंदी मेघेच्या आमच्या घराला लागून टिनाचं शेड घातलं आणि ती इथे आणली. तिची बॉडी पत्र्याची नाही, फायबरची आहे. त्यामुळे शेजारी तिला पाण्याची टाकी म्हणतात. दामिनी आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा ट्रेड शिकवायची, तेव्हा काम तिचं आणि हेमराजचं. मी पाटबंधारे विभागात आरेखक होतो. मी टॉर्च धरायचो.

इंजिन बसलेलं आहे. ब्रेकचे पाइप, थोडं वायरिंग, दारं आणि रंग राहिलं आहे.

हेमराज म्हणाला, "भाऊजी, उन्हाळ्याच्या आत चालली पाहिजे. बाईचंही तेच म्हणणं होतं."

बाई म्हणजे दामिनी, थोरल्या बहिणीला तो बाईच म्हणतो. तिचं म्हणणं मला माहीत आहे. ऑगस्टमध्ये रिपोर्ट आले तेव्हापासून ती घाईला लागली होती. दवाखान्यातून आली की हाताला सुईची पट्टी तशीच ठेवून शेडमध्ये जायची. जाण्याआधी एकदा चालवायची असेल, असं मी समजलो आणि अडवलं नाही. ते काही झालं नाही. आता कशाची घाई आहे ते मला कळत नाही. हेमराजला मी विचारलं नाही.

तो दर रविवारी येणार आहे. आज एसटीने आला. मोटारसायकल मुलाकडे दिली म्हणाला.

१९ जानेवारी, रविवार

ब्रेकचे पाइप बसवले. हेमराज गाडीखाली आणि मी बाजूला. दहाचा पाना त्याच्या उजव्या हाताशीच पडलेला होता तरी तो मागत राहिला. मी उचलून दिला. असं बऱ्याचदा झालं. दामिनीही न बघता हात पुढे करायची आणि मी त्यात पाना ठेवायचो. बहिणीची सवय भावाला लागली असावी. मला बरं वाटलं.

चारच्या बसने गेला. उजेड पुष्कळ होता, अजून तासभर काम झालं असतं.

२२ जानेवारी, बुधवार

मागच्या ब्रेकच्या पाइपची एक पट्टी किंचित तिरपी बसली आहे. ऑइल काढून सगळा पाइप सोडवला. पुन्हा नीट बसवतो.

२ फेब्रुवारी, रविवार

मी पाइप पुन्हा बसवले, वायरिंगची टेपही उलगडून पुन्हा गुंडाळली, हे हेमराजने जवळ जाऊन पाहिलं. मग म्हणाला, "नकाशे काढता काढता जिनगानी गेली तुमची, पण खोडरबर काही सुटत नाई."

मी म्हटलं, पट्टी तिरपी होती.

"पाइप आपन लावला, ते पट्टी बाईनं लावली होती," तो म्हणाला.

हे मला माहीत नव्हतं. दिवसभर मनाला लागून राहिलं.

दुपारी डाव्या चाकाच्या वरचा आतला भाग पुसत होतो. तिथे तिने गेल्या थंडीत फायबरची जाळी आणि राळ लावून भेग बुजवली होती. ब्रश पोचत नाही म्हणून तिने हातमोजा घालून बोटांनीच दाबली होती. बोटांचे ठसे राळेत तसेच राहिले आहेत, चार ओळीने. जुन्या गाड्यांचा नाद असलेल्या नागपूरच्या अनुपने फोनवर सांगितलं होतं की आतली बाजूसुद्धा घासून गुळगुळीत करायची, जाणकार माणूस वाकून पाहतो. मी घासायचा कागद हातात घेतला होता. हेमराजला बोलावून ठसे दाखवले. त्याने पाहिलं नाही. हात आत घातला आणि चाचपत चाचपत ठशांवर आपली बोटं ठेवली. बराच वेळ काढली नाहीत.

कागद मी परत ठेवून दिला.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

नागपूरला अनुपकडे जाऊन आलो. अनुप दातांचा डॉक्टर आहे. जुन्या गाड्यावाल्यांचा जो फोनवरचा ग्रुप आहे, त्यात दामिनीची त्याच्याशी ओळख झाली. त्याच्याकडे अगदी आमच्यासारखीच गाडी आहे. दारांचे रबर त्याच्याकडे जास्तीचे होते, ते त्याने दिले.

त्याची गाडी पाहून मी थक्क झालो. खालूनसुद्धा बोट फिरवलं तर धूळ लागत नाही. प्रत्येक नटाचा रंग मुळात होता तोच. चार लोखंडी घोड्यांवर, चाकं अधांतरी, उभी आहे. टायरवर नवेपणाचे रबराचे केस अजून आहेत, कारण ते जमिनीला लागलेलेच नाहीत. अकरा वर्षांपासून काम चालू आहे. फक्त मूळचे आरसे मिळत नाहीत म्हणून थांबलं आहे. दुसरे चालले असते, पण तो लावणार नाही. त्याच्या बायकोने चहा देताना सांगितलं की लग्न ठरलं तेव्हा ही गाडी पुढच्या महिन्यात निघणार होती. अनुप हसला. ती हसली नाही.

इतकी चिकाटी आजकाल कुठे दिसते. रंग मूळचा लालच द्या, असं त्याने बजावलं. तसा रंग जुळवून देणारा पेंटर त्याच्या ओळखीचा आहे, पण त्याला दिवाळीपर्यंत वेळ नाही. मी म्हटलं, चालेल.

येताना बसमध्ये गाढ झोप लागली. नोव्हेंबरनंतर पहिल्यांदाच.

२३ फेब्रुवारी, रविवार

हेमराजला दिवाळीचं सांगितलं.

"दिवाळीले?" इतकंच म्हणाला.

नंतर उठताना त्याचा पाय नटबोल्टच्या ताटात पडला. दामिनीचं जेवणाचं कप्प्यांचं ताट, त्यात माप पाहून बोल्ट लावून ठेवलेले. सगळे फरशीवर. मला वाटलं रागाने मारला. तो खाली बसला आणि तळहात फरशीवरून फिरवत गोळा करू लागला. "दिसलं नाई," म्हणाला. इतकं मोठं ताट न दिसायला काय झालं. मीही खाली बसलो. दोघांनी मिळून गोळा केले. त्याच्याकडून दोन राहिले, त्याच्या गुडघ्याजवळच होते.

दुःखाने माणूस असा होत असेल. मी स्वतःचंच पाहतो, परवा भाजीत दोनदा मीठ घातलं.

२ मार्च, रविवार

काही विशेष नाही. दाराचं बिजागर खोललं. हेमराज म्हणाला कशाला, मी म्हटलं बसतं करतो.

९ मार्च, रविवार

आज वाईट झालं. लिहून ठेवतो.

इंजिन चालू करून पाहायचं ठरलं होतं. म्हणजे हेमराजने ठरवलं होतं. मी म्हणत होतो की पेट्रोलची टाकी आणखी एकदा धुऊ. तो ऐकेना. प्लग लावायचे होते. मला म्हणाला, "तुमी लावा जी." मी म्हटलं, तूच लाव, माझा हात बसलेला नाही. तो पुन्हा म्हणाला, मी पुन्हा तेच म्हटलं. मग त्याने लावले. तीन ठीक लागले. चौथा तिरपा चढला आणि त्याने पाना घालून तसाच फिरवला. इंजिनचं हेड ॲल्युमिनियमचं, मऊ. आटे गेले.

तीस वर्षं मशीन दुरुस्त केलेला माणूस. नवशिक्या पोराने करावी अशी चूक. आता हेड उतरवून लेथवाल्याकडे न्यायचं, भोक मोठं करून आट्यांची नवी नळी बसवायची, हे सगळं आलं. मी फार बोलत नाही. पण आज तोंडातून गेलं, "दामिनी असती तर तुला हात लावू दिला नसता."

हेमराजने पाना फडक्याने पुसला, जागेवर ठेवला, हात धुतले. चप्पल शोधायला त्याला वेळ लागला. जाताना जयभीम म्हणाला, रोज म्हणतो तसाच.

मला अजून राग आहे. आणि खरं लिहायचं तर थोडं हायसंही वाटतं आहे. आता दोन महिने तरी गाडी चालू होत नाही. हायसं का वाटावं, कळत नाही.

२३ मार्च, रविवार

मागच्या रविवारी हेमराज आला नाही. आजही नाही. हेड मी एकट्याने उतरवलं. प्रत्येक बोल्टची जागा पुठ्ठ्यावर काढून घेतली. लेथवाला म्हणाला, महिन्याअखेर देतो. मी म्हटलं, सावकाश.

१४ एप्रिल, सोमवार

सकाळी विहारात वंदनेला गेलो. मिरवणुकीत थोडं चाललो आणि परत आलो. दरवर्षी आज हेमराजचा फोन पहिला येतो. तो आला नाही. मीही केला नाही.

हेड येऊन पडलं आहे. बसवायला घेतलं नाही. शेडमध्ये जाऊन बसतो, वायरिंगची टेप पाहतो. परवा अनुपचा फोन आला तेव्हा मी त्याला उत्साहाने सांगत होतो की वायरिंग पूर्ण नव्याने करावं म्हणतो. तो म्हणाला, वा, आता तुम्ही खरे आमच्यातले झालात.

फोन ठेवल्यावर त्याच्या टायरवरचे रबराचे केस डोळ्यांसमोर आले. का ते माहीत नाही, पण संध्याकाळी जेवलो नाही.

१६ एप्रिल, बुधवार

हिंगणघाटला गेलो. सकाळी अचानकच बसमध्ये बसलो.

हेमराज अंगणात खाटेवर बसला होता. मी फाटकातून आत शिरून त्याच्या बाजूला जाऊन उभा राहिलो तरी त्याला कळलं नाही. मी हाक मारली तेव्हा त्याने मान पूर्ण वळवली आणि मग मी त्याला दिसलो. इतक्या रविवारी तो माझ्या शेडमध्ये मान अशीच वळवत होता, हे मला तिथे उभं असताना आठवलं.

त्याची बायको रुखमा पाणी घेऊन आली. तिनेच सांगितलं. काचबिंदू. दोन वर्षं झाली. बाजूचं दिसणं गेलं आहे, समोरचं तेवढं दिसतं, तेही नळीतून पाहावं तसं. नळी बारीक होत चालली आहे. थेंब घालतात, त्याने आहे ते टिकेल तेवढं टिकेल. गेल्या वर्षी मोटारसायकल उभ्या बैलबंडीवर घातली तेव्हा ती विकून टाकली. मुलाकडे दिली नव्हती.

"तुमाले सांगतलं नाई?" रुखमाने मला विचारलं आणि नवऱ्याकडे पाहिलं. "बाईले तं सारं ठाऊक होतं."

हेमराज म्हणाला, "बाई माह्यासंग डॉक्टरकडे आलती. तिनं सरळ विचारलं, गाडी चालवाले किती दिवस हायेत याच्याजवळ. डॉक्टर म्हने रस्त्यावर एकही नाई. बाहेर आल्यावर मले म्हने, रस्त्यावर नाई तं नाई, उन्हाळ्याच्या आत तुह्या हाती देतो, मंग दिसो का न दिसो."

म्हणजे ती घाई त्याच्यासाठी होती. हाताला सुईची पट्टी ठेवून ती शेडमध्ये जायची ती यासाठी. मी पाच महिने समजत होतो की गाडी तिची होती आणि ती गेल्यावर गाडीला कुठे जायचं नाही.

मला का नाही सांगितलं, असं मी विचारलं.

"सांगतलं असतं तं तुमी मले पानाई धरू देल्ला नसता," तो म्हणाला. मग, "अन् तुमाले सांगाचं कधी जी? तुमी टॉर्च धरून उभे राहाचे. बोलाचे कुठी?"

प्लगबद्दल मी माफी मागायला लागलो. त्याने हाताने थांबवलं. म्हणाला, आटे त्यानेच घालवले, त्यात खोटं काय.

रुखमाने जेवायला वाढलं. निघताना मी म्हटलं की गाडी महिन्याभरात तयार होईल आणि हेमराज चालवेल. ती एकदम म्हणाली, "तुमच्या गाडीपायी यायले पुन्हा चढवू नका भाऊजी. मी बंडीखालून काढलं यायले."

तिचं चुकत नाही. बसमध्ये विचार करत आलो. रस्ता नको, मग चालवायला जागा कोणती, हा प्रश्न आहे.

२० एप्रिल, रविवार

हेमराज आला. हेड बसवलं. प्लग मी लावले. पहिल्यांदा बोटांनीच आत फिरवायचा, अडला की सोडायचा, जोर नाही करायचा. तो शेजारी बसून सांगत होता. मी ताट भिंतीशी सरकवून ठेवलं आणि हत्यारं त्याच्या समोर, एका ओळीत.

बसलेलं काही उघडायचं नाही, असं मी स्वतःला सांगितलं आहे.

२९ एप्रिल, मंगळवार

ऊन फार आहे. पहाटेपासून ऊन चढेपर्यंत काम, मग कूलरसमोर. आज बॉनेटची भेग बुजवायला बसलो. राळेत ती घट्ट करणारा हार्डनर थंडीच्या मापाने टाकला. मगातच ती उकळल्यासारखी झाली, धूर निघाला, मग हातात धरवेना. जेवढी लावली तेवढी ओबडधोबड चिकटली. दामिनी ही कामं थंडीतच का करायची ते आज समजलं. घासायला गेलो असतो तर पुन्हा आठवडा गेला असता. तशीच ठेवली.

अनुपला फोन करून सांगितलं की रंग देणार नाही. प्रायमरवरच राहील, राखाडी. राखाडी, असं त्याने दोनदा विचारलं. मग म्हणाला, काका, मग ती रिस्टोअर झाली असं म्हणता येणार नाही. मी म्हटलं, नाही म्हणता येणार. पेंटरची तारीख त्याला दुसऱ्या कोणाला द्यायला सांगितली.

५ मे, सोमवार

जागेचं सुचलं. हेमराजच्या जिनिंगचं आवार. थंडीत तिथे कापसाच्या गंज्या लागतात, बंड्या आणि ट्रॅक्टरची रांग असते. आता हंगाम संपला, आवार पूर्ण रिकामं आहे. चारी बाजूंनी भिंत, एकच फाटक. तिथले दिवाणजी वासुदेवराव हेमराजला ओळखतात. त्यांना भेटलो. ते म्हणाले, कोणत्याही रविवारी या, फाटक मी लावून घेतो, माणूस काय आत मांजर येणार नाही.

रुखमाला सांगितलं. तिने दोन अटी घातल्या. मी शेजारी बसायचं आणि हँडब्रेकवर हात ठेवायचा. आणि ती स्वतः तिथे उभी राहणार.

११ मे, रविवार

इंजिन चालू झालं. आधी खोकलं, दोनदा बंद पडलं, मग लागलं. हेमराज आज आला नव्हता, काल थेंबांसाठी दवाखान्यात गेला होता, आज घरीच होता. मी त्याला फोन लावला आणि फोन बॉनेटशी धरला. किती वेळ धरला माहीत नाही. कानाला लावला तेव्हा रुखमा बोलत होती, ते अंगणात गेले म्हणाली, येतील थोड्या वेळानं.

मी क्लच दाबला, गिअरही टाकून पाहिला, पण गाडी जागची हलवली नाही. चाक पहिल्यांदा त्याच्या हाताने फिरू दे. हिंगणघाटला टेम्पोवर चढवून नेणार.

इंजिन बंद केल्यावर शेडमध्ये फार शांत वाटलं. भीती वाटत होती की तयार झाली की घर रिकामं होईल. रिकामं आहेच. पण गाडीमुळे नाही.

१८ मे, रविवार

सकाळी लवकर टेम्पो आला. चौघांनी फळ्या लावून चढवली. टेम्पोवाल्याने विचारलं, रंग द्यायला नेता का. मी हो म्हटलं, समजावत बसायला नको म्हणून.

जिनिंगचं आवार मी इतकं रिकामं कधी पाहिलं नव्हतं. कुठे कुठे मागच्या हंगामाचा कापूस भिंतीच्या कडेला चिकटलेला. वासुदेवरावांनी फाटक लावलं आणि खुर्ची घेऊन सावलीत बसले. रुखमा ऑफिसच्या पायरीवर उभी राहिली, डोक्यावर पदर, दोन्ही हात कठड्यावर.

हेमराजने आधी गाडीभोवती एक फेरी मारली, हात बॉडीला लावून. बॉनेटवर माझ्या ओबडधोबड ठिगळावर थांबला.

"हे कोनी केलं?"

मी म्हटलं, मी.

"दिसते," तो म्हणाला, आणि आत बसला.

मी शेजारी बसलो. हँडब्रेकवर हात ठेवला. पहिल्या गिअरमध्ये गाडी झटका देऊन बंद पडली. पुन्हा चालू केली. मग चालली. अगदी हळू, माणूस चालतो तशी. मी सांगत होतो, डावीकडे भिंत आहे, पुष्कळ लांब, आता वळव, आणखी, बस. त्याचं स्टिअरिंग सुरुवातीला घट्ट होतं. दुसऱ्या फेरीत सैल झालं. तिसऱ्या फेरीत त्याने दुसरा गिअर टाकला, मग तिसरा, आणि वारा लागायला लागला. छत मागे पाडलेलं होतं. त्याने डोळे बारीक केले नव्हते, उलट मोठे उघडले होते आणि नाकासमोर पाहत होता. मी एका हाताने हँडब्रेक आणि एका हाताने दार धरलं होतं. रुखमा पायरीवरून दोनदा मागे गेली, दोनदा वळून पाहायला पुढे आली.

किती फेऱ्या झाल्या ते मोजलं नाही. आवाराच्या मधोमध त्याने गाडी थांबवली आणि बंद केली.

"कुठी हाओ आपण?"

"मधोमध. फाटकाकडे तोंड आहे."

"झालं मंग," तो म्हणाला. त्याचा शर्ट पूर्ण ओला झाला होता. "बाईनं देतो म्हटलं होतं, देल्ली तिनं. आता तुमी बसा अठी."

मी म्हटलं, आणखी चालव, पेट्रोल आहे. तो दार उघडून उतरला, गाडीला हात लावत लावत मागून फिरून माझ्या बाजूला आला आणि मी उठण्याची वाट पाहत उभा राहिला. मी ही गाडी कधी चालवलेली नव्हती. दामिनीनेही नाही.

वासुदेवरावांनी मागचं लहान फाटक उघडून दिलं. तिथून वेणा नदीच्या काठाकडे कच्चा रस्ता जातो. गाडी फार खाली आहे, दगड लागू नये म्हणून अगदी सावकाश घेतली. थोडं अंतर दोघं गप्प होतो. मग माझ्या लक्षात आलं की हेमराज सरळ समोर पाहतो आहे आणि बाजूला जे चाललं आहे ते त्याला माहीत नाही. मी म्हटलं, उजवीकडे कापसाच्या पऱ्हाट्या उपटून ढीग घातले आहेत. त्याने मान वळवली, पण तोवर ते मागे गेले होते. मी म्हटलं, डावीकडे एक बाई बकऱ्या घेऊन उभी आहे, आपल्याकडे पाहून हसते आहे.

"गाडीले हसून राह्यली का तुमाले?"

"दोघांनाही."

मग मी सांगतच राहिलो. पळस, विहीर, विहिरीवरचा निळा पाइप, कोणाच्या तरी वाळत घातलेल्या गोधड्या, त्यांचे रंग. नदीला पाणी कमी आहे, मधे वाळू उघडी पडली आहे, त्यावर दोन बगळे, नाही, तीन. तो मधे मधे विचारत होता, केवढा, कोणत्या बाजूले, अन् त्याच्या मागे काय. नदीपर्यंत गेलो. परत येताना तेच पुन्हा उलट्या बाजूने सांगितलं, कारण जाताना जे डावीकडे होतं ते आता उजवीकडे होतं आणि त्याला ते तसंही हवं होतं.

आता घरी आहे. घसा बसला आहे, गरम पाणी प्यालो.